वालाची दोन ताटं

शुद्धलेखनाच्या चुकांची आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पाठची भावंडं सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं, ती मी राहिले. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे तेव्हाही नीट कळत नव्हतं, आता तर विसरलेच. अक्षरही वाईट आहे. काजूच्या टरफलातलं तेल लागून अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची कातडी इतक्या वेळा निघाली आहे की पेन हातात ठरत नाही. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. तरी चुकून कुणाच्या हाती लागली तर हसू नये, एवढंच.

लिहायचं आहे ते माझ्या थोरल्या जावेबद्दल. मी तिला वयनी म्हणते. आमचं घर हातखंब्याच्या आतल्या बाजूला, हायवेपासून चालत अर्ध्या तासावर. एकाच घराचे मधे भिंत घालून दोन भाग केलेले. एका बाजूला ती, एका बाजूला मी, पुढची पडवी दोघींची. दोघींचे नवरे मुंबईला कामाला. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात. बाकी वर्षभर आम्ही दोघीच एकमेकींच्या समोर.

लग्न होऊन आले त्या दिवसापासून वयनीने माझ्याशी शर्यत लावली, असं मी पूर्वी म्हणायचे. तिच्या खाचरातली भातलावणी आधी संपली पाहिजे, तिचे फणसाचे पापड आधी वाळले पाहिजेत, तिची भाकरी माझ्या भाकरीपेक्षा पातळ हवी. मी बोलायला लाजरी. चारचौघांत माझा शब्द तोंडातल्या तोंडात राहतो. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे माझ्या वाटचंही वयनीच बोलायची, आणि घरी आल्यावर माझी नक्कल करायची. ओठ वाकडे करून नुसतं म-म-म करायची आणि म्हणायची, "अगो, तोंड उघडायला पैसे पडतात काय तुला?"

गावाबाहेरच्या काजूच्या कारखान्यात आम्ही दोघी बारा वर्षं साल काढायला जात होतो. फोडलेल्या काजूचा गर सुकवतात, मग त्याच्यावरची तांबडी पातळ साल लहान सुरीने आणि बोटांनी काढायची. गर अख्खा राहिला तर भाव चांगला, मोडला की तुकड्यात गेला. संध्याकाळी वजन होतं आणि जिचं जितकं काम, तितके तिला पैसे. वयनी भरभर काढायची, पण तिचे तुकडे जास्त. मी सावकाश, माझे गर अख्खे. रोज संध्याकाळी माझं वजन होईपर्यंत ती काट्यामागे उभी राहायची. जिंकली तर वाटेत सुरू, "दोनशे ग्रॅमने गेलीस गो आज. जेवण जाईल ना?" हरली तर घरापर्यंत एक शब्द नाही. सकाळी मात्र अर्धा तास आधीच भिंतीवर थाप मारायची, "उठ गो, नायतर म्हणशील मुद्दाम मागे ठेवली."

मला वाटायचं, देवाने मला जाऊ नाही, वैरीण दिली.

येत्या मे महिन्यात तीन वर्षं होतील. सुट्टी संपवून नवरे मुंबईला गेले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. मागच्या दारी नळाला पाणी आलं होतं. आदल्या दिवशी पाहुण्यांसमोर वयनीने माझी नक्कल केली होती आणि सगळे हसले होते, तो राग माझ्या पोटात होताच. ती कळशी भरत होती, मी माझ्या पाळीची वाट बघत उभी. तिच्या हातातून कळशी निसटून पडली. माझ्याकडे बघून ती काहीतरी म्हणाली. पण शब्द नव्हते, नुसतं म-म-म, आणि ओठ एका बाजूला वाकडे.

मला वाटलं, पुन्हा नक्कल करते आहे.

मी माझी कळशी उचलली, आत आले आणि दार लावून घेतलं. चहा ठेवला. बसून प्यायले. पिताना कानावर येत होतं की नळ तसाच वाहतो आहे. वयनी पाण्याचा थेंब वाया घालवणारी बाई नव्हे. ते डोक्यात आलं तशी मी उठले.

ती भिंतीला टेकून चिखलात बसली होती. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवावा तसा. डोळे माझ्याकडे.

रिक्षाने रत्नागिरीला नेलं. मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती, म्हणून उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. "वेळेत आणलंत," असंही म्हणाले. ते ऐकून मला आणखीच मेल्यासारखं झालं. पाव तास मी चहा पीत बसले होते हे मी कुणालाच सांगितलं नाही.

पैसे लागले. मागच्या बाजूला पक्की न्हाणी बांधायची म्हणून मी पोस्टात थोडे थोडे टाकत होते, ते अडतीस हजार झाले होते. वयनी त्याला "राणीसायबांची न्हाणी" म्हणायची. ते सगळे काढले आणि दवाखान्यात भरले. भावजी, म्हणजे तिचे नवरे, मुंबईहून धावत आले, पंधरा दिवस राहिले. पण नोकरी जाईल म्हणून त्यांना परत जावं लागलं. जाताना माझ्यापुढे हात जोडले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले.

मग मी वयनीचं सगळं करायला लागले. भरवायचे, वेणी घालायचे, न्हाऊ घालायचे, पदर नीट करायचे. ती हात उचलणार तोच मी वस्तू पुढे करायचे. पाव तासाची भरपाई चालली होती, असं आता वाटतं. वयनी काही बोलू शकत नव्हती. मान वळवून भिंतीकडे बघत बसायची.

आठवड्यातून दोनदा एसटीने तिला व्यायामाला न्यायचे. तिथे एक तरुण मॅडम होत्या, दापोलीकडच्या. मला मावशी म्हणायच्या, वयनीला काकू. त्यांनी मऊ मातीचा गोळा दाबायला दिला, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायला सांगितलं. वयनीने बघितलंसुद्धा नाही. जिने बारा वर्षं काजू सोलले तिला चिमटे लावायला सांगायचं म्हणजे काय! मी तिचा हात धरून चिमटा लावला. तो हात माझ्या हातात तसाच लोंबत राहिला.

मॅडम थोडा वेळ बघत होत्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, रागावू नका. पण तुम्ही मायेने त्यांचा हात मारून टाकताय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "घरी बोटांचं काय काम असतं? चिमटीचं?"

मी म्हटलं, "वाल."

कडवे वाल रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायचा. साल हातात राहते आणि दाणा टुणकन उडतो. आमच्याकडे श्रावणात एक दिवसाआड बिरडं असतं, त्यामुळे लहानपणापासून सगळ्याच बायका त्यात तयार. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "याच्यापेक्षा चांगला व्यायाम माझ्याकडे नाही."

मी पडवीत दोन ताटं घेतली, मधे वालाची परात. वयनीने परात बघितली, माझं ताट बघितलं आणि पहिल्यांदाच उजवा हात स्वतः पुढे केला. दाणा धरायला गेली, सुटला. पुन्हा धरला. घामाघूम झाली. मला बघवेना. मी मुद्दाम रमतगमत सोलू लागले. दाणे हातातून पाडायचे, इकडेतिकडे बघायचे. पहिल्या दिवशी तिचे सहा झाले, माझे पाच. मी म्हटलं, "वयनी, हरले बघा मी." दुसऱ्या दिवशी तिचे नऊ, माझे आठ.

तिसऱ्या दिवशी ती थांबली. माझ्या हाताकडे बघत राहिली. मी एक दाणा हातातून मुद्दाम पाडला, तेवढ्यात तिने डाव्या हाताने माझं ताट उडवलं. वाल अंगणात गेले, कोंबड्या धावल्या. आणि वयनी म्हणाली,

"लबाड!"

अडीच महिन्यांत तिच्या तोंडून आलेला पहिला सरळ शब्द. मला आनंदाने रडू आलं आणि लाजही वाटली, कारण शब्द खरा होता.

गुरुवारी मी मॅडमना हे सांगितलं. सांगताना अडखळत होते, पण त्यांनी मधे तोडलं नाही. त्या खूप हसल्या. मग मला बाकावर बसवलं आणि मेंदूबद्दल सांगितलं. ते मला समजलं तसं लिहिते. मोठे शब्द त्यांचे होते, ते राहिले नाहीत.

समोर दुसरं माणूस असलं की आपला मेंदू एकट्याने असतो तसा काम करत नाही. समोरचा आता काय करणार, त्याच्या मनात काय आहे, याच्यावर तो सारखी नजर ठेवतो. कपाळाच्या मागचा आणि कानाच्या वरचा भाग त्या कामाला लागतो. दोघं मिळून एखादं काम करतात तेव्हा ही नजर एकमेकांच्या तालाला लागते. डोक्याला तारांची टोपी घालून शिकलेल्या लोकांनी हे बघितलं आहे म्हणे. दोन डोकी, पण त्यांच्यातली लहर कधी कधी बरोबरीने वर-खाली होते. आणि दोघं एकमेकांविरुद्ध लागतात तेव्हाही तीच नजर काम करते, फक्त जास्त धारदार होते. कारण आता समोरच्याच्या पुढे एक पाऊल जायचं असतं, तो फसवतो का तेही ताडायचं असतं. जिंकलं की मेंदूत गोड खाल्ल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्या गोडाच्या आशेने तो पुन्हा हात हलवायचा हुकूम सोडतो.

"काकूंचा हात हलवणारा भाग दुखावला आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्यावर नजर ठेवणारा भाग ठणठणीत आहे. तुमची लबाडी तीन दिवसांत पकडली! तोच भाग दुसऱ्याला ओढून उठवेल. तुम्ही फुगडी घातली आहे ना, मावशी?"

"घातली आहे."

"फुगडीत समोरचीची दया येऊन हात सैल सोडला तर काय होतं?"

"दोघी पडतात."

"मग सैल सोडू नका."

सांगणं सोपं, करणं कठीण. मी खऱ्याखुऱ्या वेगाने सोलायला लागले. माझे साठ, तिचे सात. रोज तिला हरवायचं, रोज तिचा पडलेला चेहरा बघायचा. वर मी म्हणे, हे घरात बसून करूया, तर ती ऐकेना. पडवीतच बसायचं, वाटेवरून जाणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. हरताना कुणी बघू नये असं तिला वाटत नव्हतं. जिंकेन तेव्हा साक्षीला माणसं हवीत, हा तिचा हिशेब. लाज मला वाटायची.

एक दिवस शेजारच्या काकी अंगणात थबकल्या. "अगो, काय हे? अर्ध्या अंगाच्या बाईशी शर्यत लावतेस? आणि हरवतेस वर? देव बघतो हो वरून!"

माझं तोंड नेहमीप्रमाणे मिटलं. हात थांबला. वयनीने माझ्या थांबलेल्या हाताकडे बघितलं, मग काकींकडे. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा काढून म्हणाली, "ती... नाय... थांबणार. आणि मी... हिला... लोळवणार. तुम्ही... जा."

बारा वर्षं माझ्या वाटचं बोलली होती, तशीच त्या दिवशीही बोलली. मी पुढचा दाणा उचलला.

सातचे अकरा झाले, अकराचे अठरा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात एकदम बत्तीस झाले, तेव्हा मला नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी मी नीट लक्ष ठेवलं. मी परातीत बघायला वाकले की वयनीचा उजवा हात हळूच माझ्या ताटात यायचा, अंगठा आणि बोट बरोबर जुळवून माझा सोललेला दाणा उचलायचा आणि तिच्या ताटात ठेवायचा. ज्या चिमटीसाठी आम्ही इतके दिवस धडपडत होतो ती चोरी करताना एवढी सुबक जमत होती! मी बघितलं हे तिने बघितलं. दोघींना हसू फुटलं. वयनीचं हसू अजून एका बाजूने यायचं, पण आलं.

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "काकू, चोरी चालू ठेवा. आमच्याकडून औषध म्हणून लिहून देते."

दसरा जवळ आला. पावसाळ्यात मंद पडलेला कारखाना जोराने सुरू होणार होता. मालकांनी निरोप पाठवला की थोरलीची जागा आता दुसरीला देतो. त्यांचंही चूक नव्हतं. वयनीला सुरी धरून पातळ साल काढणं जमणार नव्हतं, तो हात तेवढा बारीक चालत नव्हता. निरोप ऐकून ती त्या दिवशी ताटाला बसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इतके दिवस ती कशासाठी सोलत होती ते मला तेव्हा कळलं. तिला घरातली बरी झालेली बाई व्हायचं नव्हतं. तिला त्या काट्यापुढे पुन्हा उभं राहायचं होतं. ते गेलं तर हातही पुन्हा मांडीवर पडून राहणार, हे मला दिसत होतं.

बोलायला हवं होतं, आणि बोलणारी वयनी बोलू शकत नव्हती.

कारखान्यात मी मालकांसमोर उभी राहिले. मागे वीस-पंचवीस बायका. मी म्हटलं, "शेट, आम्हाला फोडायच्या मशीनवर बसवा. दोघींना एका मशीनवर."

फोडायच्या मशीनवर दोघी समोरासमोर बसतात. एक बी पात्यांमध्ये ठेवते, पायाने दाबते आणि दांडा वळवते. दुसरी फुटलेली बी उचलून टोकदार सळीने आतला गर अख्खा बाहेर काढते. पैसे जोडीला मिळतात, निम्मे निम्मे.

मालक म्हणाले, "साल काढण्यात तू आमची पहिल्या नंबरची बाई. तिथून उठून तिच्याबरोबर तेलात हात घालणार? आणि तुकडा वाढला तर?"

"तुकड्याचे आमचे कापा."

"तुझं नुकसान होईल."

मग जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. "मी तिच्याशी लागून लागून पहिला नंबर झाले, शेट. ती समोर नसली तर मी कुणाशी लागू?"

मागच्या बायका हसल्या. मालकही हसले. म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो."

पहिला आठवडा फार वाईट गेला. सळीला सुरीइतका बारीक हात लागत नाही, म्हणून मी मशीन चालवायचे, वयनी सळीने गर काढायची. हातांना राख आणि खोबरेल चोळून बसायचो, तरी तेल लागायचंच. मी सवयीने भराभर फोडत गेले, तिच्यापुढे बियांचा ढीग. ती घाई करायची, गर मोडायचे. मग मी हळू झाले तर तिने दातओठ खाल्ले, कारण तिला वाटलं पुन्हा लबाडी. शनिवारी सगळ्या जोड्यांत आमचं वजन सर्वांत कमी. बाजूची जोडी म्हणाली, "वालाचं बिरडं केलंत वाटतं काजूचं!"

मी मॅडमचं बोलणं आठवून बघितलं. दोन डोक्यांचा ताल. शर्यतीत मी वयनीच्या हाताकडे बघत होते ते तिच्या पुढे जाण्यासाठी. आता तिच्याच हाताकडे बघायचं होतं, पण बरोबर जाण्यासाठी. सोमवारी मी वेगाचा विचार सोडला आणि फक्त तिची सळी बघत राहिले. सळी टरफलातून वर आली की दांडा वळवायचा. आधीही नाही, नंतरही नाही. ती गर टोपलीत टाकताना "हं" म्हणायची. तिला ते माहीतही नव्हतं. मी त्या "हं"वर पाय दाबू लागले. दुपारपर्यंत मला बघावंही लागेना. माझा पाय तिच्या हातातून हलतोय असं वाटायचं. जेवणाच्या सुट्टीत वयनी माझ्याकडे बघून म्हणाली, "आज... बरी चाललीस गो." एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून आलेला हा माझ्या कौतुकाचा पहिला शब्द.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी दहा जोड्यांत आम्ही सहाव्या आलो. मालकांनी वही मिटली आणि आम्हाला मशीनवरून उठवलं नाही. नवीन बाईला त्यांनी साल काढायला माझ्या जागेवर बसवलं. वयनी काट्याजवळून हललीच नाही. बाजूच्या जोडीचं वजन झालं, ते आमच्यापेक्षा कमी भरलं, तेव्हा तिचं तोंड आपोआप सुटलं. "काय गो, जेवण जाईल ना?" न अडखळता, सरळ, एका दमात.

तिथेच मशीनवर एकदा, थंडीच्या दिवसांत, मी तिला पाव तासाचं सांगितलं. मान वर न करता सांगितलं, कारण हात चालू होते. "त्या दिवशी तुम्ही पडलात ना वयनी, मला वाटलं नक्कल करताय. मी आत जाऊन चहा पीत बसले."

सळी थांबली नाही. "माहीत हाय," वयनी म्हणाली. "दार... आपटलेलं ऐकलं की मी."

मी विचारलं, "मग बोलला नाहीत कधी?"

"काय बोलू? तुझ्या जागी मी असते तर..." ती शब्द शोधत थांबली, मग तिला तो सापडला, "मी दोन कप प्यायले असते."

मी हसले की रडले ते आठवत नाही. त्या वेळेला चार-पाच गर मोडले एवढं खरं.

या बाईचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मला लिहायला बसल्यावर कळतंय. ती काट्यामागे उभी राहिली नसती तर मी कधी पहिल्या नंबरची झाले नसते. तिने भिंतीवर थाप मारली नसती तर मी रोज उशिरा उठले असते. मला वाटायचं, कुणाशी लागणं म्हणजे वैर आणि कुणाला धरून राहणं म्हणजे प्रेम, दोन वेगळी घरं. तशी ती नाहीत. आमच्या घरासारखी आहेत, मधे भिंत आणि पुढची पडवी एकच. माझ्यावर जिने जन्मभर नजर ठेवली ती माझं वाईट बघायला नव्हती. आणि देव त्या दापोलीच्या मॅडमचं भलं करो. त्यांनी एका गुरुवारी अडाणी बाईला बाकावर बसवून मेंदू समजावला, तोही घाई न करता.

राहिले पैसे. पहिल्या पगारालाच वयनीने चारशे रुपये माझ्यापुढे केले. मी म्हटलं, "असूंदे वयनी, घरातलेच तर आहेत. न्हाणी काय, होईल कधीतरी."

ती भडकली. "वालात हरवतेस... आणि पैशात जिंकू देतेस? मला... सैल सोडू नको."

तेव्हापासून घेत गेले. दर शनिवारी चारशे, पावसात काम नसेल तेव्हा नाही. भावजींनी एकदम द्यायचं म्हटलं तर वयनीने त्यांना गप्प केलं. "मी घेतले, मी फेडीन." दोन वर्षं आणि वर काही महिने हे चाललं. कधी पाचशे दिले तर पुढच्या वेळी मला ऐकवायची, "आज जास्त आले बरं, लक्षात ठेव." मीही लक्षात ठेवत होते. मुद्दाम कमी मोजून सोडून द्यावे असं दोनदा मनात आलं होतं, पण धीर झाला नाही. तिने पकडलं असतं.

या शिमग्याच्या आदल्या शनिवारी आम्ही कारखान्यातून आलो, हातपाय धुतले आणि पडवीत बसलो. वयनीने कनवटीचे पैसे काढले. डाव्या हातात धरून उजव्या हाताने मोजायला लागली, अंगठा जिभेला लावून. एक नोट निसटून खाली पडली. मी उचलायला वाकले नाही. तिने ती दोन वेळा चिमटीत धरून बघितली, तिसऱ्यांदा उचलली. सहाशे रुपये. शेवटचे.

"मोज," ती म्हणाली.

मी तिच्यादेखत एकेक नोट मोजली. बरोबर सहाशे होते. "फिटले, वयनी," मी म्हटलं. "अडतीस हजार पुरे झाले."

"झाले ना?" ती म्हणाली आणि भात टाकायला उठली.